गोळी उशिरा पोहोचते

संपादक महोदय,

आमच्या यवतमाळकडे पाठीवर गाठ असलेलं बाळ जन्मलं, की बोट आधी ग्रहणाकडे जातं, मग सुनेकडे. हा स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीचा कणा नीट न जुळण्याचा जन्मदोष, तितका दुर्मीळ नाही. मज्जानलिकेचे (गर्भात जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात तिचे) असे दोष भारतात हजार जन्मांमागे साधारण चार बाळांत आढळतात, आणि बहुतेक घरांत आधी कुणालाच नसतात. आईला मधुमेह असेल किंवा फिटसाठी व्हॅल्प्रोएट सुरू असेल तर धोका वाढतो. ही नलिका गर्भधारणेनंतर २८ दिवसांतच बंद होते. कापूस वेचणीतून सवड काढून बाई उपकेंद्रात नाव नोंदवते तोवर तिसरा महिना लागलेला! हा दोष टाळायला फॉलिक ॲसिडची गोळी उपयोगी, पण ते रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याआधीपासून हवं. आरोग्य खात्याने आशाताईंमार्फत ते लग्न होताच नव्या सुनेला द्यावं.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ