मुलासोबत कुटुंबालाही दाखल करून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या मानसिक आजारांसाठी खाटा वाढवा, ही मागणी रास्तच आहे. पण मुलांच्या मनोरुग्ण वॉर्डात परिचारिका म्हणून बरीच वर्षे काढल्यावर सांगते, नुसती मुलाची खाट पुरत नाही. आईवडिलांचीही राहण्याची सोय हवी.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी (तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) असलेला एक मुलगा आठवतो. धुऊन धुऊन हातांची कातडी सोललेली. "हात स्वच्छ झाले ना?" असे तो आईला सारखा विचारी आणि ती दर वेळी "हो रे बाळा" म्हणे. त्याच्यासाठी दारे तीच उघडायची. धाकटी बहीण आंघोळ केल्याशिवाय त्याच्या खोलीत जात नसे. सारे मायेपोटी, पण आजार त्यावरच पोसला जात होता. औषधांनी आणि थेरपीने तो सुधारून घरी गेला आणि काही महिन्यांत परत आला, कारण घरातली रीत तीच होती.

दुसऱ्या खेपेला आई वॉर्डात राहिली, वडील संध्याकाळी येऊ लागले. त्या प्रश्नाला उत्तर देणे हळूहळू कसे कमी करायचे, तो रडू लागला तरी शेजारी शांत कसे बसायचे, हे दोघांनी समुपदेशकासमोर गिरवले. फार अवघड होते ते. आई बाहेर जाऊन रडायची. बहिणीलाही बोलावले. तिला तोवर कुणी काही सांगितलेच नव्हते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी १९५४ पासून स्किझोफ्रेनियाच्या (भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या) रुग्णांसोबत आधी आयांना, मग अख्ख्या कुटुंबांना वॉर्डात ठेवले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात नातेवाइकांसाठी आवारात तंबू ठोकले. स्किझोफ्रेनिया घरच्यांमुळे होतो, ही त्या काळची समजूत मात्र चुकीची ठरली. तिने कित्येक आयांना उगाच अपराधी केले. म्हणून पहिल्याच दिवशी पालकांना स्पष्ट सांगावे, की दोष तुमचा नाही, पण मदत तुमचीच लागणार.

बालमानसोपचार वॉर्डात पालकांसाठी खोली असावी. कुटुंबाच्या बैठका नोकरदारांना जमतील अशा वेळी ठेवाव्यात. डिस्चार्जपूर्वी मुलाला दोन दिवस घरी पाठवून, तिथे काय बिनसले ते परत आल्यावर बोलावे. आणि वडिलांनाही यासाठी रजा मिळावी. आजवर बहुतेक वेळा एकट्या आईनेच हे निभावलेले मी पाहिले आहे.

– एक निवृत्त परिचारिका