अंगण सिमेंटने झाकू नका

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आमच्या भागात नव्या बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या आवारातील मोकळी जागा कुंपणाच्या भिंतीपर्यंत काँक्रीटने झाकून टाकण्याची रीत फार वाढली आहे. चहा घेत बसता येईल असे नीटनेटके अंगण करायला मोठा खर्च येतो, आणि तो झेपत नसेल तर सिमेंट ओतून मोकळे व्हावे, हा समज त्यामागे दिसतो. हा समज चुकीचा आहे, हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी आम्हीही परसदारी हेच केले. ठेकेदाराने १० बाय १२ फुटांची जागा काँक्रीटने भरून दिली, तीही थेट कढीपत्त्याच्या बुंध्याला भिडवून. पहिल्याच पावसाळ्यात पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी साचू लागले, उन्हाळ्यात दुपारी चार वाजताही तिथे अनवाणी पाय ठेवता येईना, आणि दुसऱ्या वर्षी कढीपत्ता वाळला. १२० चौरस फूट म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात एवढ्याशा जागेवरसुद्धा साडेसात हजार लिटरांहून अधिक पाणी पडते, आणि ते मुरण्याची वाट बंद केली की ते घराच्या जोत्याकडे वळते. हा साधा हिशेब आम्ही आधी मांडला असता तर ते झाड आज उभे असते, याची हळहळ अजून वाटते.

शेवटी ते काँक्रीट फोडले. सहा इंच माती काढून चार इंच मुरूम टाकला आणि पाणी मारून धुमसाने ठोकून घेतला. एवढ्या जागेला ४० घनफूट मुरूम पुरतो, म्हणजे अर्ध्या ब्रासाहूनही कमी (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). त्यावर इंचभर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, पसरून दोन बाय दोन फुटांच्या, पॉलिश न केलेल्या शहाबादी फरश्या मांडल्या. चार ओळींत पाच-पाच अशा वीस फरश्या लागल्या. दोन फरश्यांमध्ये दोन इंचांची फट सोडल्यामुळे मांडणी साडेआठ बाय पावणेअकरा फुटांत बसली आणि दोन बाजूंना सुमारे दीड फूट रुंदीचे वाफे आपोआप मिळाले. फटींत सिमेंट भरले नाही, रेती भरली. तिथे आता दूर्वा उगवल्या आहेत आणि पावसाचे पाणी मोठ्या प्रमाणात जागच्या जागी मुरते. उरलेले पाणी घराकडून वाफ्याकडे जावे म्हणून दर दहा फुटांना सव्वा ते दीड इंच उतार ठेवला. हा उतार डोळ्यांच्या अंदाजाने धरू नये, गवंड्याला पाणसळ लावूनच तपासायला सांगावे, कारण साऱ्या कामात एवढी एकच चूक अशी आहे की जी नंतर सगळे उचकटल्याशिवाय दुरुस्त होत नाही. फोडलेल्या काँक्रीटचे मोठे तुकडे वाफ्यांच्या कडेला लावले, त्यामुळे राडारोडा वाहून नेण्याचा खर्चही वाचला.

ज्यांना वीस फरश्या एकदम घेणे जमणार नाही, त्यांनी त्या घेऊ नयेत. आम्ही पहिल्या वर्षी आठच आणल्या होत्या, त्याही जुना वाडा पाडला तिथून निघालेल्या. उरलेली जागा वर्षभर नुसती ठोकलेल्या मुरमाची होती, कडेने विटा तिरप्या रोवल्या होत्या, आणि मला तर ते रूपही सुंदरच वाटे. कोकणातले खळे, म्हणजे घरापुढचे अंगण, याहून वेगळे काय असते? पावसाळा सरला की जमीन उकरून, पाणी शिंपून, चोपण्याने चोपून आणि शेणाने सारवून ते दरवर्षी नव्याने केले जाते, वर झावळ्यांचा मांडव पडतो, मधोमध किंवा एका कडेला तुळशीवृंदावन असते. त्यात विकत आणलेली वस्तू क्वचितच असते, तरी घरातली सगळी माणसे तिथेच येऊन बसतात. ज्या गावी जांभा मिळतो तिथे जांभा वापरावा, देशावर काळा दगड वापरावा. दूरचा महागडा दगड आणल्याने अंगण अधिक देखणे होते असे मला कधीच दिसले नाही.

पैसे थोडे असतील तर फरशीच्या आधी सावलीवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. जागेच्या पश्चिमेला एखादे लहान झाड लावले तर दुपारचे ऊन अडते. आम्ही प्राजक्त लावला. तो फार पसरत नाही, आणि पावसाळा संपता संपता पहाटे फरशीवर जो सडा पडतो त्यापुढे कुठल्याही सजावटीची गरज उरत नाही. ज्यांना झाडाची वाट पाहायची नाही, त्यांनी चार बांबू रोवून मांडव घालावा आणि जून महिन्यात त्यावर दुधी किंवा तोंडली चढवावी. वड, पिंपळ, उंबर मात्र घराच्या भिंतीजवळ येऊ देऊ नयेत.

बसण्यासाठी विटांच्या दोन ठोकळ्यांवर कडाप्प्याची एक लादी ठेवली की कट्टा होतो, आणि तो उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकतो. खुर्च्या ठेवायच्या असतील तर टेबलाभोवती चार माणसांना १० बाय १० फूट जागा हवी, कारण खुर्ची मागे सरकवायला सगळीकडे तीन फूट तरी लागतात. जागा याहून लहान असेल तर टेबलाचा हट्ट सोडून भिंतीलगत कट्टाच करावा.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. शेवाळ किंवा डाग काढण्यासाठी शहाबादी फरशीवर ॲसिड ओतू नये. हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने त्याचा वरचा थर खाल्ला जातो, फरशी खरखरीत होते आणि मग तिच्यावर शेवाळ अधिकच धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खराट्याने घासून काढले तरी पाय घसरत नाही.

नवे घर बांधणाऱ्यांनी आपल्या वास्तुविशारदाला नकाशातच अंगणाची जागा, उताराची दिशा आणि निदान एका झाडाचे आळे दाखवायला सांगावे, आणि काँक्रीटची गाडी दारात येण्याआधी ते आळे जागेवर फक्कीने आखून ठेवावे, ही सर्व वाचकांना कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)