फीडरचा नकाशा वादळाबाहेर ठेवा

संपादक महोदय,

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर कित्येक दिवस आमच्या गावात वीज नव्हती. बाहेरच्या जिल्ह्यांतून वायरमन आले, भर पावसात राबले. पण कुठल्या वाडीला कुठल्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) लाइन जाते, हे त्यांना कसं कळावं? मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी आमच्या आळीतल्या एका निवृत्त वायरमन काकांनी आडव्या पडलेल्या माडावर बसून वहीच्या पाठकोऱ्या पानावर अख्खा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणारी विजेची लाइन, काढून दिला. कुठली लाइन कुणाच्या बागेतून जाते, तेसुद्धा. ते पान हातोहात फिरून घडीवर फाटलं.

ही माहिती एका माणसाच्या डोक्यात राहणं मला फार धोक्याचं वाटतं. खांब, डीपी, लाइनची जोडणी या सगळ्या नोंदी क्लाउडवर, म्हणजे किनाऱ्यापासून लांबच्या निदान दोन डेटा सेंटरमध्ये असायला हव्यात. एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. आणीबाणीत कुठली लाइन आधी सुरू करायची, तिच्यावर किती भार टाकायचा, याची मोठी आकडेमोड करायलाही तिथे हवे तेवढे संगणक तेवढ्यापुरते घेता येतात. मात्र वादळात रेंज जातेच. त्यामुळे इशारा मिळताच नकाशा प्रत्येक वायरमनच्या मोबाइलवर उतरवून ठेवायला हवा.

युक्रेनने फेब्रुवारी २०२२ मध्ये, युद्ध दारात असताना, सरकारी माहिती देशाबाहेरच्या क्लाउडवर ठेवता यावी म्हणून कायदा बदलला. पण त्याच देशाचा आधीचा अनुभवही विसरू नये. २३ डिसेंबर २०१५ रोजी हॅकरांनी दुरूनच उपकेंद्रांतले ब्रेकर, म्हणजे वीज चालू-बंद करणारे मोठे स्विच, पाडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तरी काही तासांत वीज परत आली, कारण माणसं उपकेंद्रांवर धावली आणि त्यांनी हाताने ब्रेकर लावले. म्हणून नोंदी आणि हिशेब क्लाउडवर जाऊ द्या, ब्रेकर मात्र उपकेंद्रातल्या माणसाच्याच हाती राहू द्या. क्लाउड आला म्हणून ऑपरेटरची पदं कमी करू नका, ही कळकळीची विनंती.

सुरुवात किनाऱ्यावरच्या तालुक्यांपासून करावी. नोंदच चुकीची असेल, तर ती कुठेही ठेवून उपयोग नाही. गावोगाव फिरून खांब मोजावे लागतील, आणि त्यासाठी आमच्या काकांसारखी जुनी माणसं सोबत घ्यावी लागतील. काका आता ऐंशीच्या घरात आहेत.

एक वाचक, श्रीवर्धन तालुका, जि. रायगड