अव्या, अमेरिकेतला ओव्हन राहू दे, माळ्यावरचा दे

नाशिक, डिसेंबर

प्रिय अव्या,

तुझा मेसेज वाचला, फोटो झूम करकरून बघितले. काय चकाचक क्रोम आहे रे त्या ओव्हनचं! व्हॉट्सॲपवर उत्तर टाइप करायला घेतलं तर ते संपेचना, शेवटी म्हटलं सरळ पत्रच लिहू, तू पण निवांत चहा घेत वाच.

तर तो दहा डॉलरचा जुना टोस्ट-आर-ओव्हन, म्हंजे जीईचा (जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा) पाव भाजायचा छोटा ओव्हन, अमेरिकेतून आणू का असं विचारलंयस. आणू नको. रागावू नको, सांगतो का ते.

वस्तू झकास आहे, त्यात वादच नाही. टोस्टर ओव्हन अमेरिकेत घरोघरी पोचवला तो ह्याच नावानं, आणि जीईनं 1984 ला मिक्सर, इस्त्री, टोस्टर वगैरे छोट्या वस्तूंचा सगळा धंदा ब्लॅक अँड डेकरला विकून टाकला, त्यामुळे पाटीवर नुसतं जीई असेल तर तो साधारण त्याच्या आधीचा किंवा फार तर एकदोन वर्षं पुढचा समजायचा. म्हंजे चाळीशी सहज ओलांडलेला माल आहे, आणि दहा डॉलर काहीच नाहीत. पण पाठीमागची पाटी बघ, तू पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत अर्धवट दिसतेय, 120 व्होल्ट आणि 1500 वॉट. आपल्याकडे 230. तुला वाटेल दुप्पट व्होल्टेज म्हंजे दुप्पट तापेल, तसं नसतं ना, कॉइलचा रेझिस्टन्स तोच राहतो त्यामुळे वॉट वाढतात वर्गाच्या हिशोबानं, 230 भागिले 120 चा वर्ग केला की जवळजवळ पावणेचार पट. साडेपाच हजार वॉट! चोवीस अँपियर! आपला पॉवर प्लग सोळाचा. एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडला तर नशीब, नाहीतर ती इतकी वर्षं टिकलेली कॉइल लालाची पांढरी होऊन एका मिनिटात तुटणार.

स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर मिळतो, मला माहितीय, पण दोन हजार व्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा म्हंजे ओव्हनपेक्षा तोच जड आणि तोच महाग, आणि शुभा म्हणाली ओट्यावर एक तर तो धोंडा राहील नाहीतर मी. दुसरी एक आयडिया डोक्यात होती, ती पण सांगून टाकतो. वरचा रॉड आणि खालचा रॉड सारख्या वॉटचे असतील तर दोघांना सिरीजमध्ये, म्हंजे एकामागं एक, जोडायचं, मग 230 दोघांत वाटून प्रत्येकाला 115 मिळतात आणि दोघं खुश. कागदावर एकदम बरोबर. पण मग नुसता वरचा किंवा नुसता खालचा रॉड लावता येत नाही, पायलट लॅम्प (चालू असल्याचा छोटा दिवा) वेगळा बसवायचा, उष्णता आवरणारा थर्मोस्टॅट तर 120 साठी बनवलेला, त्याचे पॉइंट 230 तोडताना किती दिवस टिकतील देव जाणे. भद्रकालीत माझा एक वायरमन आहे, पंख्याच्या वाइंडिंगपासून गिझरपर्यंत सगळं करतो, त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, चालंल, पण तुम्ही तिथून हलू नका." अशा वस्तूत नानकटाई कोण भाजणार सांग.

आणि माझा नियम तुला माहितीय. जो चालत नाही तो घरात नको. शोकेसमध्ये मांडून ठेवायला जमवणारे लोक आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ, मला रोज सकाळी त्यावर पाव लालसर करायचाय.

सध्या इथं थंडी मस्त पडलीय, निफाडकडचा आकडा पेपरात वाचूनच दात वाजतात, आणि अशा सकाळी ओव्हन लावला की स्वयंपाकघर पण गरम होतं तो बोनस. देवळाली कॅम्पातून आणलेला तो चौकोनी आठवतो का? बंगला विकायला काढलेल्या पारशी बाईंकडचा, काचेवर अजून त्यांच्या केकचे डाग होते. तो सध्या माझा रोजचा. पावाचे दोन भाग करायचे, कापलेली बाजू वर, लोणी लावून फक्त वरचा रॉड, तीनेक मिनिटं, कडा तांबूस व्हायला लागल्या की तिथंच उभं राहायचं कारण पुढच्या अर्ध्या मिनिटात कोळसा. उडदाचा पापड त्याच्यात मिनिटाच्या आत होतो. दाणे म्हणशील तर 150-160 वर पसरून ठेवायचे आणि मधूनमधून हलवायचे, कढईत भाजतो तसे एका बाजूनं काळे पडत नाहीत. भरीत मात्र ह्यात नाही. वांगं मऊ होतं, साल सुटतं, पण धुराचा वास येत नाही, त्याला गॅसच हवा, खरं म्हंजे चूलच.

ह्या चौकोनीची एकच खोड, पावसाळ्यात ट्रिप करतो. त्याचे रॉड स्टीलच्या नळीचे आहेत, आत तार आणि तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते, ती दमट हवा पिते आणि मग करंट थोडा बॉडीकडे पाझरतो, लगेच आरसीसीबी, म्हंजे अशी गळती पकडणारा स्विच, पडतो. लोक म्हणतात जळला, आणि देतात भंगारात. जळलेला नसतो रे, ओला असतो! जुलैत मी रॉड सोडवून काढला आणि दुसऱ्या ओव्हनमध्ये मंद आचेवर तास-दीड तास भाजला. म्हंजे ओव्हनमध्ये ओव्हनचाच रॉड बेक. आमच्या चिरंजीवांनी त्याचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, मावशींचा फोन आला की नंदूला बरं आहे ना. पण मीटर लावून बघितलं, गळती बंद, ओव्हन परत सुरू.

मिळायचं मात्र आता अवघड झालंय. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार 2017 ला महापालिकेनं उठवला तेव्हापासून एका जागी काही सापडत नाही, बुधवारच्या बाजारात गोदाकाठी फिरलो तर कधी इस्त्री, कधी रेडिओ, ओव्हन क्वचित. ह्याचं कारण साधं आहे, जुने गोल ओव्हन ॲल्युमिनियमचे, आणि भंगारवाल्याला ॲल्युमिनियम किलोवर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. त्यामुळे तो आल्या आल्या हातोडीनं काच फोडतो, कॉइल उपटतो आणि डबा चेपून पोत्यात टाकतो. चालू होता की बंद हे कोणी बघत पण नाही.

आणि म्हणून आता मुद्द्यावर येतो, खरं तर एवढं सगळं त्यासाठीच लिहिलं. तू जानेवारीत येतोयस ते पंचवटीतला फ्लॅट रिकामा करायला, बरोबर? तुमच्या माळ्यावर काकूंचा गोल ओव्हन आहे. असणारच. झाकणाला काचेची गोल खिडकी, काळ्या मुठी, कापडी विणलेली वायर. मे महिन्यात आख्खी गल्ली पिठाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांगेत उभी असायची, आणि तुमच्याकडं घरातच नानकटाई, आपण दोघं त्या खिडकीतून बघत बसायचो आणि काकू ओरडायच्या की काचेला नाक लावू नका भाजेल.

मला तो हवाय. तो आपल्याच व्होल्टेजचा, आणि त्याच्यात बिघडण्यासारखं जवळजवळ काही नाही. चिनीमातीच्या खाचांमधून फिरवलेली उघडी नायक्रोमची तार, बस. निकेल-क्रोमच्या ह्या तारेचं पेटंट मार्श नावाच्या अमेरिकन माणसानं 1906 ला घेतलं, आणि अजूनही हीटर म्हटला की बहुतेक तीच, कारण तापल्यावर तिच्यावर क्रोमच्या ऑक्साइडचा थर धरतो आणि तो आतल्या तारेला जळू देत नाही. तुटली तरी मोजून तेवढ्याच वॉटची नवी टाकता येते, स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. आजच्या काही ओटीजींना (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) मागं रिव्हेट मारलेले असतात, उघडायचा म्हटलं तर ड्रिल लागतं.

त्याचा स्विच पण नीट आठवतोय मला, तीन टप्प्यांचा, काळा, फिरवताना टक् टक् वाजायचा. आत बहुधा दोन कॉइल असतील. समज पाचशे-पाचशेच्या, तर हायला दोन्ही समांतर म्हंजे हजार, मीडियमला एकच म्हंजे पाचशे, आणि लोला दोन्ही एकामागं एक, म्हंजे फक्त अडीचशे. थर्मोस्टॅट नाही, टायमर नाही, नुसत्या जोडणीवर तीन आचा काढल्यात! ज्यानं कोणी हे डोकं लावलं त्याला साष्टांग. माझ्याकडं जो गोल आहे त्याला नुसता चालू-बंद, त्यामुळे त्याच्यात नानकटाई कडेला लाल आणि मधे पांढरी राहते, अर्ध्यात ताट फिरवावं लागतं.

तेव्हा माझ्यावर एवढे उपकार कर. वॉचमनला आजच फोन करून सांग की माळ्यावरचं काही कोणाला द्यायचं नाही. काढताना झाकण आधी वेगळं काढ, काच जुनी आहे. आत कुठं पांढरट पुठ्ठ्यासारखं किंवा कापसासारखं काही दिसलं तर ते खरवडू नको, झटकू पण नको, तेव्हाच्या उष्णतेच्या वस्तूंत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरायचे, ते मी मास्क लावून ओलं करून बघीन. आणि मुख्य म्हंजे गंमत म्हणून प्लगमध्ये घालून बघायचं नाही! ती कापडी वायर आतून भुगा झालेली असणार आणि प्लग-टॉप बहुतेक टू-पिन, म्हंजे अर्थिंगच नाही, अख्खा डबा ॲल्युमिनियमचा आणि तू अनवाणी. वायर मी बदलतो, थ्री-पिन लावतो, मीटरनं तपासतो, मग लावू.

अमेरिकेतून आणायचंच असेल तर एक साधं ओव्हन थर्मामीटर आण, आत जाळीवर उभं राहतं ते. इथं पण मिळतं, पण तुला काहीतरी आणायची हौस आहे म्हणून सांगतो. फॅरनहाइटचं असलं तरी चालेल, मी हिशोब करीन.

आणि काकू तुझ्याकडंच आहेत तर त्यांना दोन गोष्टी विचारून कळव. नानकटाईला सुरुवातीपासून मीडियमच ठेवायच्या की आधी हायवर तापवून मग खाली आणायच्या, आणि ते भोकं पाडलेलं ताट, जे ओव्हनबरोबर आलं होतं, ते माळ्यावरच आहे की त्यांनी पुढं ढोकळ्याला घेतलं. ढोकळ्याला घेतलं असेल तर भांड्यांच्या खोक्यात बघ.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग. आलास की पहिल्या दिवशी मिसळ, पाव आपल्या ओव्हनमधले.

तुझा,
नंदू