आधी तुमची बाजू

पुणे, 16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दोन्ही एकरांतला उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, मोडा या माझ्या म्हणण्यावरून पाडव्याच्या रात्री आपला जो वाद झाला, त्याविषयी फोनवर बोलायला गेले की आवाज चढतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

बाबा, त्या रात्री तुम्ही विठ्ठलाच्या तसबिरीमागची प्लॅस्टिकची पिशवी काढून साखर कारखान्याचे उसाचे बिल आणि सोयाबीन विकल्याची आडत्याची पट्टी माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवलीत. ती न वाचताच मी मांजरा धरण कोरडे पडल्याचा आणि 2016 साली मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेचा दाखला दिला. सप्टेंबरच्या पुरात ज्याचे सोयाबीन गुडघाभर पाण्यात कुजले, त्या माणसाला मी दुष्काळ समजावून सांगत होते. तुम्ही ताटावरून उठलात यात नवल नव्हते.

गेल्या आठवड्यात वर्गात ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य शिकवताना ‘प्रधानमल्लनिबर्हणन्याय’ आला. प्रतिपक्षातला मुख्य मल्ल चीत केला की बाकीच्यांशी वेगळे लढावे लागत नाही, असा त्याचा अर्थ. आचार्य सांख्यमताला असा प्रधान मल्ल मानतात आणि त्याचे म्हणणे इतके भरभक्कम मांडतात, की नवख्या विद्यार्थ्याला कधी कधी तो पूर्वपक्षच, म्हणजे खोडण्यासाठी मांडलेले प्रतिपक्षाचे म्हणणेच, आचार्यांचा सिद्धान्त वाटतो. फळ्यावर ते लिहिताना मला तुमची आठवण झाली, कारण तालमीत घुमलेल्या माणसाला हे माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे : जत्रेत रेवड्यांच्या कुस्तीत पोरेसोरे पाडणाऱ्याला कोणी फेटा बांधत नाही. मी मात्र ‘सगळा गाव ऊस लावतो म्हणून तुम्ही लावता’ हे तुमच्या तोंडी घातले, जे तुम्ही कधीच म्हणाला नव्हता, आणि त्यालाच पाडून मोकळी झाले.

म्हणून मी तुमची बाजू कागदावर लिहून काढायला बसले. पहिले दोन कागद फाडावे लागले, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी माझा एक ‘परंतु’ येत होता. तिसरा कागद असा आहे.

यंदा केंद्र सरकारने 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनामागे 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, ठरवली आहे. तोडणी-वाहतूक वजा जाते, पण उसाची लागण करतानाच माणसाला साधारण अंदाज असतो. ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असे कायद्याचे बंधन आहे, आणि उशीर झालाच तरी मागायला एक दार असते. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलमागे 5,328 रुपये आहे, आणि तुमच्या पट्टीवर डाग आणि ओलावा दाखवून 4,150 लिहिले आहे. आडत्यापुढे कोणते बंधन दाखवायचे? शिवाय परतीच्या पावसात ऊस आडवा झाला तरी कारखाना नेतो, सोयाबीन आडवे झाले की संपले. गावच्या सोसायटीचे कर्ज उसावर मिळते, आणि साठीनंतर दर हंगामात नवी पेरणी अंगावर घेण्याऐवजी खोडवा राखणे शरीराला झेपते. हा शेवटचा मुद्दा तुम्ही बोलला नाहीत. तो तुमच्या गुडघ्यांकडे पाहून मी घातला आहे. चुकला असेल तर खोडून टाका.

हे लिहून झाल्यावर माझे मत बदलले का, तर अर्धेच. लागणीपासून तोडणीपर्यंत बारा ते अठरा महिने पाणी मागणारे पीक तिसऱ्या बोअरच्या भरवशावर उभे करणे मला आजही धोक्याचे वाटते, आणि गेल्या साली ऊसतोडणीची टोळी फेब्रुवारीपर्यंत आली नाही तेव्हा ते मागायचे दारही किती किलकिले असते हे आपण पाहिले. पण दोन्ही एकर मोडा, हे मी आता म्हणणार नाही. एका एकरावर ठिबक लावून ऊस आणि दुसऱ्यावर तूर, एवढेच माझे म्हणणे उरले आहे.

आई, त्या रात्री तू एक शब्द बोलली नाहीस. तव्यावरची भाकरी करपली, ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस, आणि आम्ही गप्प झाल्यावर कंदील घेऊन हौदात किती पाणी आहे ते पाहून आलीस. 2016 च्या उन्हाळ्यात टँकरपुढे रात्री दोन-दोनला घागरी घेऊन तू उभी राहत होतीस; बाबांचे उसाचे बिलही तूच मोजून ठेवतेस. म्हणजे दोन्ही बाजू जिला ठाऊक, तिला आम्ही दोघांनीही विचारले नाही. तुझे म्हणणे मी अंदाजाने लिहिणार नाही. ते तुझ्याच तोंडून ऐकायचे आहे.

संक्रांतीला मी चार दिवसांची रजा काढून येत आहे. बाबा, तोवर खोडव्याचे काम थांबवा, असे मी म्हणत नाही. पण तेव्हा आधी तुम्ही माझी बाजू मांडा, मी म्हणेन ‘होय, हेच मला म्हणायचे होते’, आणि मगच ती पाडा. पट्टी आणि बिल पिशवीतच असू द्या, मी या वेळी वाचून बोलेन. पंच आई.

तुमची थोरली