साहेब, तुमच्या फ्लेक्सखाली आमची कमान आहे

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

खातं कुठलं ते लिहीत नाही, ज्यांचं आहे त्यांना बरोबर कळेल. आधी वाढदिवसाच्या शुभेच्छा. उशिरा देतेय पण मनापासून देतेय, कारण यंदा आपला वाढदिवस कधी होता हे मला जन्मात विसरता येणार नाही.

मी भांडुप पश्चिमला राहते. मी, माझा भाऊ आणि त्याचा एक मित्र, अशा तिघांनी मिळून मराठीतलं सोशल मीडिया अ‍ॅप काढलंय, ब्लॉकचेनवर चालणारं, म्हणजे लिहिलेलं एका कंपनीकडे नाही तर अनेक संगणकांवरच्या सामायिक वहीत राहतं, कुणा एकट्याला पुसता येत नाही. कोडिंग ते दोघं बघतात आणि लोकांपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे, म्हणजे थोडक्यात शिव्या खायचं. अ‍ॅपचं नाव इथे टाकत नाही, नाहीतर म्हणाल बाई पत्राच्या नावाखाली फुकट जाहिरात करतेय.

फेब्रुवारीत एका हॉलमध्ये स्टार्टअपवाल्यांचा कार्यक्रम होता, आपण स्टेजवर, मी तिसऱ्या रांगेत. आपण माईकवर सांगितलंत की मराठी मुलामुलींनी नोकऱ्या मागत बसू नये, अ‍ॅप बनवावीत, ती लोकांसमोर आणायची जबाबदारी आमची. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. नंतर चहाच्या टेबलापाशी तुमच्या पीएंना कार्ड दिलं, त्यांनी मेल करायला सांगितलं, मी मेल केला, मग स्मरणपत्र, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र, असे एकूण नऊ मेल गेले आणि एकाचंही उत्तर नाही. म्हटलं ठीक आहे, मोठी माणसं, कामं असतात.

मग गणपती आले. आमच्या गल्लीतल्या मंडळाची कमान असते, वरच्या पट्ट्यावर अकरा दिवस जाहिरात लावायचे पस्तीस हजार. एवढे कधी एका जागी घातले नव्हते, पण विचार केला की ऑनलाइन कुणी विचारत नाही तर निदान गल्लीत तरी दिसू. रीतसर पावती फाडली. आता आमच्या अ‍ॅपमध्ये चांगल्या पोस्टला लोक एकमेकांना टोकन, म्हणजे डिजिटल नाणं देतात, त्यामुळे सीए म्हणाला उगाच लफडं नको, क्रिप्टोच्या जाहिरातीत असते ती सूचना टाकून दे. १ एप्रिल २०२२ पासून अ‍ॅस्कीचा, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा नियम आहे, छापील जाहिरातीचा पाचवा हिस्सा त्या इशाऱ्याला द्यायचा. आम्ही टोकन विकत नाही हो. तरी दिला. पैसे देऊन घेतलेल्या जागेतला पाचवा हिस्सा स्वतःच्याच विरोधात लिहायला वापरणारे मुंबईत आम्हीच असू.

तिसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरले तर कमानीवर तुम्ही. हात जोडलेले, भगवा फेटा, डाव्या-उजव्या बाजूला पासष्ट शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. आमची जाहिरात खाली गाडली गेली होती. पण साहेब, तुमच्या कार्यकर्त्यांचा फ्लेक्स उंचीला कमी पडला. वरचे चार हिस्से झाकले गेले आणि खालचा पाचवा तसाच उघडा राहिला. म्हणजे वर तुमचा हसरा चेहरा आणि बरोबर त्याच्याखाली ठळक अक्षरात, "यावर कोणतेही नियंत्रण नाही व अत्यंत जोखमीचे ठरू शकते, नुकसान झाल्यास दाद मागायला जागा नसू शकते."

मी शप्पथ सांगते, मी फोटो काढला नाही. सगळ्या भांडुपने काढला.

दुपारपर्यंत तो फोटो माझ्या सासूच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला होता. संध्याकाळी चार पोरं दारात, म्हणाली ताई हे तुम्ही मुद्दाम केलंत, साहेबांची बदनामी आहे, माफीचा व्हिडिओ टाका. अहो, झाकलं तुम्ही, माफी मी मागू? रात्री त्यांनी सगळंच उतरवलं, तुमचं आणि आमचं दोन्ही, नंतर तुमचं नवीन मोठं लागलं. मंडळ म्हणतं पैसे परत मिळणार नाहीत, आमचाही नाइलाज होता. तीन दिवसांत कमानीवरून सहा डाउनलोड आले होते. फोटो व्हायरल झाल्यावर किती आले माहितीये? शून्य. कारण नाव तुमच्या फेट्याच्या मागे होतं.

तुम्हाला वाटेल एका कमानीसाठी बाई एवढी का तडतडतेय. तर कमानीपर्यंत आम्ही का पोचलो ते ऐका.

नुसतं ब्लॉकचेन म्हटलं की निम्मे लोक तिथेच उठतात. "चेन" म्हटल्यावर आपल्याकडे चेन मार्केटिंगच आठवतं, दोन माणसं डावीकडे दोन उजवीकडे, साबण आणि पावडर. माझ्या सख्ख्या मामाने तोंडावर सांगितलं, मी कुणाला जॉईन करून घेणार नाही. उरलेल्यांना बिटकॉइन आठवतो, आणि बिटकॉइन म्हटलं की गेनबिटकॉइन नावाची फसवी योजना, २०१८ ला पुणे पोलिसांनी धरपकड केली ते प्रकरण, त्यात पैसे बुडालेलं कुणी ना कुणी प्रत्येकाच्या ओळखीत निघतं. स्टेशनबाहेर पत्रकं वाटत उभी राहिले तर एका काकांनी विचारलं लोन देता का.

समजावून सांगायला गेलं की आणखी पंचाईत. ईमेल, ओटीपी असलं काही नाही, वॉलेट म्हणजे डिजिटल पाकीट उघडायचं आणि त्याची किल्ली असलेले बारा शब्द जपून ठेवायचे, ते गेले की खातं गेलं, पासवर्ड विसरलात का वगैरे सोय नाही. आमच्या मजल्यावरच्या काकूंनी ते बारा शब्द कॅलेंडरच्या मागे लिहिले आणि महिना संपल्यावर त्या पानावर भजी काढली. दीडशे ओव्या लिहिल्या होत्या त्यांनी. ओव्या चेनवर आहेत, कायमच्या, कुणीही वाचू शकतं, फक्त काकूंना त्यात शिरता येत नाही. आता हा दोष आमचा आहे, सरकारचा नाही, एवढं मी कबूल करते. भावाशी त्यावरून माझं रोज भांडण होतं.

पण जाहिरातीचं काय? २०१८ साली फेसबुक, गुगल, ट्विटर तिघांनीही क्रिप्टोच्या जाहिराती बंद केल्या, पुढे ढील दिली पण अटी घालून. आमची जाहिरात ज्या कंपनीने नाकारली तिचं नाव घेत नाही, अकरा वेळा नाकारली एवढंच सांगते. परवाना दाखवा म्हणतात. परवाना नाण्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या एक्स्चेंजवाल्यांना लागतो, आम्ही ओव्या आणि वडापावच्या भांडणांचं अ‍ॅप चालवतो, आम्ही कसला परवाना आणू? आणि गंमत बघा, जाहिरात कुठे करायची तर ज्यांच्याशी स्पर्धा आहे त्यांच्याच दुकानात. म्हणजे नाक्यावर वडापावची गाडी टाकायची आणि पाटी लावायला समोरच्या गाडीवाल्याची परवानगी घ्यायची. रीलवाल्या मुलाने एका रीलचे साठ हजार सांगितले, वर म्हणाला टोकनमध्ये नको कॅशच द्या.

टोकन फुकट वाटून बघितले तर एका आठवड्यात हजारावर खाती आली. आम्ही पेढे वाटले. बघतो तर निम्म्याहून जास्त खाती चार-पाच माणसांचीच, सगळे "गुड मॉर्निंग" टाकून टोकन गोळा करणारे. वाटप थांबवल्यावर सगळे गायब. आजची खरी माणसं चारशेच्या आसपास. तीन वर्षांत सव्वाअकरा लाख गेले, भाऊ म्हणतो साडेनऊ, कारण त्याने माझा पगार धरलेलाच नाही. नोकरी मी सोडली, एफडी माझी मोडली, आणि घरी काही फुटलं-तुटलं की सासू म्हणते टाक तुझ्या चेनवर.

वर कर. २०२२ च्या बजेटपासून असल्या सगळ्या टोकनच्या नफ्यावर तीस टक्के आणि त्याच जुलैपासून एक टक्का टीडीएस, एकीकडचा तोटा दुसरीकडे वजा करायची सोय नाही. लॉटरीलाही तीस टक्केच लागतो. काकूंनी ओवी लिहून मिळालेलं टोकन आणि लॉटरीचं तिकीट एका पंगतीत. हे दिल्लीचं आहे, तुमचं नाही, माहितीये मला, पण तुमची वरपर्यंत ओळख आहे असं तुमच्या फ्लेक्सवर तरी दिसतं.

आणि सरकारला ब्लॉकचेन आवडत नाही असंही नाही हां. २०२२ मध्ये आपल्याच गडचिरोलीत एटापल्लीला ६५ हजार जातीचे दाखले पॉलिगॉन नावाच्या ब्लॉकचेनवर टाकायचं काम हातात घेतलं गेलं, चांगलंच झालं. दाखल्याला चेन चालते, गप्पांना नाही? बाय द वे त्या पॉलिगॉनच्या चाचणीच्या नेटवर्कचं नाव "मुंबई" होतं. जगभरातले डेव्हलपर आधी मुंबईवर टेस्ट करायचे, माझा भाऊही त्याच्यावरच शिकला. एप्रिल २०२४ मध्ये ते बंद झालं, नवीन आलं त्याचं नाव अमॉय. चीनमधल्या शियामेन शहराचं जुनं नाव. मुंबईचं नाव कुठल्या पाटीवरून गेलं की केवढा गोंधळ होतो आपल्याकडे, यावेळी कुणी ब्रसुद्धा काढला नाही, कारण ती पाटी रस्त्यावरून दिसत नव्हती.

तुम्ही म्हणाल कशाला हवी चेन, साधं अ‍ॅप काढा. साधं अ‍ॅप होतं की, तो पिवळा पक्षी, कू, ट्विटरसारखं आपलं भारतीय. केंद्रातले मंत्री त्याच्यावर, खाती त्याच्यावर, दिसायला काही कमी नव्हतं. जुलै २०२४ मध्ये बंद. तिथल्या पोस्ट काढून ठेवल्यात का कुणी? उलट स्टीमिटचं बघा, २०१६ चं, ब्लॉकचेनवरचं लिखाणाचं सोशल मीडिया. २०२० मध्ये कंपनी जस्टिन सन या क्रिप्टो उद्योजकाने विकत घेतली, लोकांना पटलं नाही, तर मार्चमध्ये ते सगळं जुनं लिखाण बरोबर घेऊन वेगळे झाले आणि हाइव्ह नावाने चालू राहिले. मालक बदलला म्हणून भाडेकरूने घर उचलून नेलं! गिरणगावातल्या माणसाला हे सांगितलं तर त्याला लगेच कळतं. पण तुम्हाला सांगायला नऊ मेल पुरत नाहीत. आता हाइव्हसुद्धा किती लोकांना माहितीये हे विचारू नका, तेच तर रडगाणं आहे.

खरं तर या शहरात दिसणं हाच एक धंदा झालाय. स्टेशनपासून घरापर्यंत परवा मी ४३ फ्लेक्स मोजले, त्यात ११ तुमचे, दोन-तीन इकडे-तिकडे. निम्मे तरी विनापरवाना असतील. हायकोर्टाने बेकायदा होर्डिंगवर २०१७ मध्येच आदेश दिलेत. आमच्यापासून तिसरं स्टेशन घाटकोपर, तिथे १३ मे २०२४ ला वादळात होर्डिंग पडून १७ माणसं गेली, चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना ते त्याच्या कितीतरी पट मोठं होतं. त्याला कुणी अकरा वेळा परवाना विचारला नाही. आणि माझ्या पावती फाडलेल्या कमानीवर पाचवा हिस्सा सूचना!

मागणं फार नाही. माझे पस्तीस हजार कुणाकडून मागायचे ते एकदा सांगा. नाणी विकणारे आणि लोकांना लिहायला जागा देणारे यांच्यात फरक आहे, एवढं एका कागदावर सरकारी शिक्क्याने लिहून द्या, तो कागद मी जाहिरात नाकारणाऱ्यांच्या तोंडावर टाकेन. आणि फेब्रुवारीत बोललात त्याप्रमाणे तुमच्या पेजवर एक पोस्ट. फोटो लागणार नाही. फोटो भरपूर झाले.

आणि हो, तुमचा तो पहिला, उंचीला कमी पडलेला फ्लेक्स कमानीच्या मागे पडला होता, तो आमच्याकडे आहे. पावसाचं पाणी गॅलरीत येतं म्हणून आईने बांधलाय. हवा असेल तर माणूस पाठवा, संध्याकाळी सातनंतर घरी असतो आम्ही. चेहरा आतल्या बाजूला ठेवलाय, भिजणार नाही.

आपली,
भांडुपची एक मतदार