कासवांच्या घरट्यांना सावली द्या

वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जातात, याचे कौतुक दरवर्षी छापून येते. ते योग्यच. पण पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरते, हा मुद्दा मागेच राहतो. वाळू साधारण ३० अंशांच्या वर तापली की माद्याच जास्त निपजतात. फारच तापली तर अंडी आतल्या आत खराब होतात. ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेच्या उत्तर भागातील हिरव्या समुद्री कासवांची तरुण पिढी जवळपास सगळी माद्यांचीच असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. आपल्याकडे मार्चअखेरीस भरदुपारी वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही! वनविभागाने निदान उशिराच्या घरट्यांवर सावलीची जाळी बांधावी, वाळूत तापमापक पुरून नोंदी जाहीर कराव्यात. कासव महोत्सव भरवता येतो, तर एवढे जमायला हरकत नाही.

– एक वाचक, दापोली